त्या बागेतला 'मी' कोण?
'इन द गार्डन' हे इंग्रजी ख्रिस्ती भक्तिगीत म्हणजे भक्तीच्या नावाखाली गुळमट प्रेमगीत, असं काहीजण म्हणतात. चाल गोडमिट्ट आहे, मान्य! पण त्यातला 'मी' कोण ते बघा. ते लिहिणारा ऑस्टिन माइल्स मूळचा फार्मासिस्ट, त्यात फोटोग्राफीचं वेड. मार्च १९१२ मध्ये तो आपल्या डार्करूममध्ये (ऑर्गनही तिथेच ठेवलेला!) बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय वाचत बसला होता. त्यात पहाटे येशूच्या कबरीपाशी रडणारी त्याची शिष्या मग्दालीया मरीया पुन्हा जिवंत झालेल्या येशूला आधी माळी समजते आणि त्याने नुसतं 'मरीये' म्हटल्यावर ओळखते. गाणारी ती आहे. म्हणून तर सुरुवातीलाच गुलाबांवर दव आहे. पुढे अमेरिकन धर्मप्रचारक बिली संडेच्या सभांमध्ये गाणी घेणाऱ्या ट्रॉम्बोनवाल्या रोडहीव्हरने ते गर्दीच्या तोंडी बसवलं आणि मरीया मागेच राहिली.