मिशनच्या गल्ल्यांत आपण कोण म्हणून जातो?

रानजाई

गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात, म्हणजे भित्तिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या लॅटिनो (मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून आलेल्या लोकांच्या) वस्तीत दिवसभर हिंडले. नंतर एका मित्राकडे जेवायला गेलो असताना त्याबद्दल सांगू लागले, तर तो म्हणाला, "आपण आयटीवाल्यांनी तिथे जाऊच नये. आपल्या पगारांमुळे भाडी वाढून तिथली माणसं घराबाहेर काढली गेली आणि आता आपणच त्यांची चित्रं बघायला जाणार?" त्यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे, म्हणून इथे मांडते.

माझं मत आधीच सांगते. जावं. मात्र त्या भिंतींवर काय लिहिलंय ते वाचायची तयारी ठेवून जावं.

२४व्या स्ट्रीटच्या बार्ट रेल्वे स्टेशनातून वर आलात की पूर्वेला वळा. थोडं चालल्यावर उजव्या हाताला बामी ॲली लागते. एका ब्लॉकची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना गॅरेजची दारं आणि लाकडी कुंपणं, आणि त्या सगळ्यांवर चित्रं. १९७२ मध्ये पॅट्रिशिया रोद्रिगेझ आणि ग्रासिएला कारियो या दोघींनी इथलं सुरुवातीचं एक चित्र काढलं. पुढे आणखी मैत्रिणी जमल्या आणि 'मुहेरेस मुरालिस्तास' हा बायकांचा गट उभा राहिला. भित्तिचित्रं हे पुरुषांचं काम, परांचीवर चढणं बायकांना झेपणार नाही, असं मानण्याचा तो काळ होता. १९८४-८५ मध्ये रे पातलान या चित्रकाराच्या पुढाकाराने इथे पंचवीसेक चित्रं एकाच विषयावर निघाली: मध्य अमेरिकेतली युद्धं आणि त्यांतला अमेरिकेचा हात. एल साल्वाडोरमधून जीव वाचवून आलेली कुटुंबं तेव्हा याच गल्ल्यांत राहत होती. १९८० मध्ये प्रार्थना चालू असताना ज्यांना गोळी घातली, त्या आर्चबिशप ऑस्कार रोमेरोंचं चित्रही इथे आहे. आई त्याच्यासमोर चप्पल काढून उभी राहिली. तिला रोमेरो कोण ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, "कोणीतरी देवमाणूस दिसतो."

आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो २४वा आणि यॉर्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. तिथे वॉना अलिसिया या चित्रकर्तीने १९८३ मध्ये लेट्यूस तोडणाऱ्या मजूर बायकांचं चित्र काढलं होतं. वर कीटकनाशक फवारणारं विमान, खाली वाकलेली गरोदर बाई आणि तिच्या पोटात दिसणारं बाळ. वॉना अलिसियाने स्वतः गरोदरपणी लेट्यूसच्या शेतात काम केलं होतं. पुढे भिंतीत पाणी मुरून ते चित्र गेलं. २००४ मध्ये त्याच भिंतीवर तिनेच नवं काढलं, निळ्या रंगातलं, 'ला योरोना'चं. ला योरोना म्हणजे मेक्सिकन लोककथेतली, मुलांना नदीत बुडवून नदीकाठी रडत फिरणारी बाई. तिच्याभोवती पाण्यासाठी लढणाऱ्या बायका आहेत. बोलिव्हियातल्या कोचाबांबाच्या आहेत आणि नर्मदा खोऱ्यातल्याही. हो, आपली नर्मदा. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. इतक्या लांबच्या भिंतीवर आपलं चित्र!

ज्या भिंतीवर आपल्याकडच्या बायकांना जागा दिली गेली, तिच्याकडे पाठ फिरवणं हा मला जास्त मोठा अपमान वाटतो.

कडेलोट

तुमचा मित्र बरोबर बोलला. मी हे बाहेरून बोलत नाही, तीन वर्षं मिशनमध्ये भाड्याने राहिलोय.

मी राहायला गेलो तेव्हा घर नवंकोरं रंगवलेलं होतं. शेजारच्या आजीबाईंकडून पुढे कळलं की माझ्या आधी तिथे एक साल्वाडोरी कुटुंब बावीस वर्षं राहत होतं. घरमालकाने त्यांना बाहेर काढलं होतं. त्यांच्या भाड्याच्या जवळजवळ तिप्पट मी भरत होतो आणि 'स्वस्तात मिळालं' म्हणून खूश होतो. पुढे आजीबाईंना नमस्कार करायचीसुद्धा लाज वाटायची.

हे कसं घडतं ते समजून घ्या. सॅन फ्रान्सिस्कोत १९७९ पासून जुन्या इमारतींत भाडेवाढीला मर्यादा आहे. पण १९९५ च्या राज्य कायद्याने भाडेकरू बदलला की मालकाला भाडं बाजारभावाने लावता येतं. म्हणजे भाडेकरू जितका जुना, तितका त्याला काढण्यात मालकाचा फायदा. शिवाय १९८५ चा एलिस कायदा आहे. 'मी भाड्याचा धंदाच बंद करतोय' असं म्हणून मालक अख्खी इमारत रिकामी करू शकतो. २००० च्या सुमारास मिशनमधली निम्मी वस्ती लॅटिनो होती. पुढच्या दीड दशकात ती चाळीस टक्क्यांच्या आसपास आली. डिसेंबर २०१३ मध्ये २४व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर लोकांनी गूगलच्या कर्मचाऱ्यांना नेणारी बस अडवली, ती कुणा एका ड्रायव्हरवर राग म्हणून अडवली नव्हती.

आणि चित्रं? भाड्याच्या जाहिरातींत मी स्वतः वाचलंय, 'प्रसिद्ध भित्तिचित्रांपासून दोन मिनिटांवर'. बेघर होण्याविरुद्ध काढलेलं चित्रच घराचा भाव वाढवतं. गालेरिया दे ला रासा ही १९७० पासूनची कलासंस्था, २४व्या स्ट्रीटवरच्या एकाच जागेत ४६ वर्षं होती. २०१८ मध्ये भाडं दुप्पट मागितलं गेलं आणि तिला ती जागा सोडावी लागली. तिथे गर्दी करून आपण कोणाला मदत करतो?

तिठा

कडेलोट, तुमच्या अपराधीपणाचा मान राखून सांगतो, तुमचं निदान चुकलंय.

मिशन हा कायम लॅटिनो भाग नव्हता. १७७६ मध्ये स्पॅनिश पाद्र्यांनी मिशन डोलोरेस हे धर्मप्रसाराचं ठाणं स्थापन केलं तेव्हा तिथे ओलोनी हे मूळ रहिवासी राहत होते आणि त्यांच्यातले हजारो त्या मिशनच्या आवारातच पुरले गेले. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि जर्मन आले. १९०६ च्या भूकंपानंतरची आग २०व्या स्ट्रीटवर थोपवली गेली, ती तेव्हाच्या रहिवाशांनी. ज्या नळाला त्या दिवशी पाणी होतं, तो अजून दरवर्षी १८ एप्रिलला सोनेरी रंगवतात. मेक्सिकन आणि मध्य अमेरिकन वस्ती मोठ्या प्रमाणावर वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आयरिश कुटुंबं उपनगरांकडे निघाल्यावर. मग घड्याळ नेमकं कुठल्या वर्षी थांबवायचं?

भाडं वाढतं ते घरं कमी पडतात म्हणून. १६व्या स्ट्रीटच्या बार्ट स्टेशनवर तीनशेहून जास्त घरांची इमारत बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा मिशनमधल्याच संघटनांनी तिला 'मॉन्स्टर इन द मिशन' नाव देऊन वर्षानुवर्षं विरोध केला. शेवटी बिल्डरने नाद सोडला. ती घरं झाली असती तर माझ्यासारखे तिकडे गेले असते आणि जुन्या घरांवर तेवढा ताण कमी पडला असता. रानजाई चित्र बघायला गेल्या की नाही यावर कोणाचं भाडं ठरत नाही.

कडेलोट

आयरिश लोक स्वतःची मोठी घरं घ्यायला निघून गेले, बँकांनी त्यांना कर्जं दिली. साल्वाडोरी कुटुंबाच्या दारावर नोटीस चिकटवली गेली. दोन्हीला 'बदल' हा एकच शब्द लावू नका. आणि त्या इमारतीतल्या घरांचे भाव कोणाला परवडले असते, हे तुम्हीही जाणता. लोकांचा विरोध घरांना नव्हता, त्या भावाला होता.

खलबत्ता

तुम्ही दोघं भांडा, मला खाण्याबद्दल बोलायचंय. आणि माझ्या मते या धाग्यात तोच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

२४व्या स्ट्रीटवर ला पाल्मा नावाचं १९५३ पासूनचं दुकान आहे. टॉर्टिया या मेक्सिकन भाकरीसाठी लागणारा 'मासा', म्हणजे मक्याचा मळलेला गोळा, तिथे मिळतो. आपली मक्याची भाकरी थापताना कडा चिरतात, हा प्रत्येकीचा अनुभव. मासा चिरत नाही, कारण मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात. साल सुटतं, दाणा मऊ होतो, मग ओलाच दळतात. चुन्यामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, म्हणून तिकडे मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला. हजारो वर्षांपूर्वी ज्यांनी हे शोधलं, त्यांचे वंशज आज त्या रस्त्यावर आपल्यासमोर मासा मळत असतात.

पुपुसा बघा. साल्वाडोरी बाई तळहातावर मासाची वाटी करते, आत चीज आणि लोरोको नावाच्या वेलीच्या कळ्या भरते, तोंड बंद करून थापते आणि तव्यावर टाकते. पुरण भरताना आपला हात जसा फिरतो, अगदी तसाच. सोबत कुर्तिदो, म्हणजे आंबवलेला कोबी. मी पहिल्यांदा काउंटरपाशी उभी राहून हे बघत होते, तर तिने हाताने खूण करून मला आत बोलावलं आणि एक गोळा माझ्या हातावर ठेवला. माझी पुपुसा फुटली. ती मनापासून हसली.

बुरिटोचं, म्हणजे टॉर्टियात सारण गुंडाळून केलेल्या पदार्थाचं सांगायचं तर मिशनची मोठी, भात घातलेली, फॉइलमध्ये गुंडाळलेली बुरिटो आपणच आधी केली, असं एल फारो (१९६१) आणि ला कुंब्रे (१९६९) ही दोन्ही दुकानं म्हणतात. १९७३ पासूनच्या ला ताकेरियात भात घालतच नाहीत. मला तीच आवडते. भात नसला की मांस आणि बीन्स खरे कळतात.

कडेलोट, तुम्ही सांगता तसं आम्ही सगळ्यांनी जाणं बंद केलं, तर त्या बाईच्या गाळ्याचं भाडं कोण भरणार? मात्र रानजाईंशीही माझा एक वाद आहे. तुम्ही चित्रांवर इतकं लिहिलंत, आणि कुठे काय खाल्लं त्यावर एक ओळ नाही. भिंत बघायला पैसे लागत नाहीत. जेवलात, सामान घेतलंत, तर चार डॉलर त्या रस्त्यावर राहतात. व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरच्या महागड्या हॉटेलात जेवून बामी ॲलीत फोटो काढणाऱ्यांना मी खरंच ओळखते, आणि मला त्यांचा राग येतो.

सातपुडा

इथे सहसा लिहीत नाही. रानजाईंचं 'आपली नर्मदा, आपलं चित्र' वाचून लिहावंसं वाटलं.

माझं गाव शहाद्याजवळ. वडील धडगाव तालुक्यात शाळामास्तर होते. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली, जवळजवळ सगळी आदिवासींची. मणिबेली आमच्याकडचं पहिलं. १९९१ पासून पावसाळ्यात लोक चढत्या पाण्यात घरात बसून राहिले. १९९३ मध्ये जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज बंद झालं, पण धरण थांबलं नाही. वडिलांच्या वर्गातली कितीतरी पोरं नंतर तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत गेली. नदीवर वाढलेली पोरं हातपंपाच्या रांगेत उभी राहिली.

तेव्हा पुण्या-मुंबईत 'विकासाला विरोध' म्हणून या लोकांना किती बोल लावले गेले ते मी लहानपणी ऐकलंय. म्हणून विचारतो, ते चित्र 'आपलं' कसं? आपण मराठी बोलतो म्हणून? त्या बायका भिलोरी, पावरी बोलतात. वॉना अलिसियाने त्यांना मिशनच्या भिंतीवर आणलं, कारण तिला त्यांच्यात आणि घरातून काढलेल्या आपल्या शेजाऱ्यांमध्ये एक नातं दिसलं. आपण त्या नात्यात कुठल्या बाजूला उभे आहोत, हे कडेलोट विचारतायत. तिठा, तुम्ही 'घड्याळ कुठे थांबवायचं' म्हणालात. आमच्याकडे हाच प्रश्न सरकारी माणसं विचारायची.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मला स्वतःला जायचंय.

तिठा

सातपुडा, तुमचा शेवटचा मुद्दा लागला. धरणात गाव बुडवणं आणि शहरात इमारत न बांधणं या मी वेगळ्या गोष्टी मानतो आणि मानत राहीन. पण 'बदल होतच असतो' हे वाक्य ज्याचं घर जातं त्याच्या तोंडचं नसतं, हे कबूल.

रानजाई

'आपलं चित्र' हे शब्द मी मागे घेते. तिथे उभं असताना अभिमान वाटला होता. आता आठवलं की बाबा गप्प होते ते अभिमानाने नव्हे. ते त्या काळात पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही.

खलबत्ता, जेवलो होतो. आईने पुपुसा खाल्ली आणि कुर्तिदो दोनदा मागून घेतला. लिहायला हवं होतं. आणि १८व्या स्ट्रीटवरच्या विमेन्स बिल्डिंगबद्दलही लिहायचं राहिलं. १९९४ मध्ये सात चित्रकर्तींनी ती चार मजली इमारत रंगवली, त्यांत मीरा देसाई हे एक नाव आहे.

कडेलोट, माझं मत तरीही 'जावं' हेच आहे. पण पुढच्या वेळी मी प्रेसिता आइजच्या माणसांबरोबर फेरी करणार. ही १९७७ पासून मिशनमध्ये भित्तिचित्रं काढणारी, जपणारी आणि शिकवणारी संस्था आहे. फेरीचे पैसे त्या कामाला जातात. तुम्ही याल?

कडेलोट

नाही येणार, मला अजून जमत नाही. बामी ॲलीत २०१२ चं एक चित्र आहे, 'मिशन मेकओव्हर', या भागाचं काय होत गेलं त्यावरचं. मी तिथे राहत असताना त्याच्यासमोरून बसला जायचो. तुम्ही फेरीला गेलात तर त्या चित्रासमोर जरा जास्त थांबा आणि सोबतच्या मंडळींना विचारा, यांतलं कोण आपल्यासारखं दिसतं.

सातपुडा

रानजाई, यॉर्क स्ट्रीटच्या चित्राचा जवळून काढलेला फोटो असेल तर पाठवाल का? नेटवर सापडलेला एक मी काल वडिलांना पाठवला. त्यांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, "या बाया कुठल्या गावच्या?"