मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका
ताई, "सासऱ्यांचा मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकला की हिवाळ्यात ऑपरेशन करू" असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. आता फेको पद्धतीने, म्हणजे मोतीबिंदू डोळ्यातच बारीक फोडून काढून, छोट्या छेदातून लेन्स बसवतात. मोतीबिंदू कडक झाला की उलट तेच काम अवघड होतं. अति पिकला तर डोळ्यातला दाब वाढून ठणका लागतो. हिवाळ्याचा तर काही संबंधच नाही.

माझ्या आईला दादर ज्वारी निवडताना खडे दिसेनात, बोटांनी चाचपून काढायची. तेव्हाच चोपड्याहून जळगावला नेलं. तिथे डोळ्याचा दाबही मोजला, तो तुम्ही आवर्जून मोजून घ्या. दाब वाढला की काचबिंदू होऊ शकतो, तो बहुतेकदा दुखत-खुपत नाही आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही.

सासऱ्यांना शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्याच्या आतला पडदा तपासायलाच हवा. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात, काही तास धूसर दिसतं, म्हणून एसटीने एकट्याला पाठवू नका. मेडिकलमधून परस्पर थेंबही आणू नका, त्यात स्टेरॉइड असलं तर दाब वाढू शकतो.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं. केळीच्या कापणीसाठी थांबू नका, या आठवड्यातच दाखवून या.