गुडघ्याच्या वाटीवर पाण्याची गाठ, काढली तरी परत भरली – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लातूरचा, फरशी बसवायचं काम करतो, 16 वर्षं झाली. दिवाळीच्या आत चार घरं द्यायची होती म्हणून दीड महिना रोज आठ-नऊ तास गुडघ्यावरच होतो, खाली घडी घातलेलं सिमेंटचं पोतं, बस तेवढंच. आधी डावा गुडघा नुसता जड वाटायचा, मग एक दिवस सकाळी उठून बघतो तर वाटीच्या बरोबर वर लिंबाएवढी मऊ गाठ, दाबली की पाण्याच्या फुग्यासारखी हलती. चालताना काही नाही, जिना पण चढतो, पण गुडघा टेकवला की जीव जातो आणि मांडी घालून जेवायला बसलं की वरचं कातडं ताणून दुखायलंय.

घरचे सगळे म्हणायलेत गुडघा झिजला. एक्स-रे काढला तर हाडं चांगली आहेत. डॉक्टर म्हणले बर्सायटिस, म्हणजे कातडं आणि वाटीच्या मधात एक पातळ पिशवी असती, टेकून टेकून ती सुजली आणि तिच्यात पाणी झालं, सांध्याच्या आत काही नाही. सुईनं पाणी काढलं, पट्टी बांधली, आराम करा म्हणले. पण औशाच्या घराची वास्तुशांती चार दिवसांवर होती, तिसऱ्या दिवशी मी परत फरशीवर. आठ दिवसांत गाठ होती तेवढीच.

आता परत पाणी काढावं का? एकजण म्हणतोय स्टेरॉइडचं इंजेक्शन घे, मामा म्हणतेत बिब्बा लाव, कुणी ऑपरेशन म्हणतंय. घरात कमावणारा मी एकटाच आहे, हेच काम येतं. कुणाला अनुभव असंल तर सांगा.

प्रतिसाद 1
दादा, मी नांदेडला फिजिओथेरपी करते. पहिली गोष्ट, बिब्बा अजिबात लावू नका, हात जोडून सांगते. बिब्ब्यानं कातडं भाजतं, फोड येतात, आणि फुटलेल्या कातडीतून जंतू आत गेले की त्याच पाण्याचा पू होतो. तुमच्या कामात तर ओलं सिमेंट आधीच कातडं खात असतं, गुडघ्याला भेगा आहेत का बघा. गाठ लाल झाली, हाताला गरम लागली, ताप आला किंवा दुखणं एकदम वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, मग अँटिबायोटिकच लागतं, शेकून चोळून काही होत नाही. शुगर तपासली का कधी? शुगर असली की जंतू लवकर धरतात.

पाणी परत भरलं ते सुईमुळं नाही, तुम्ही तिसऱ्या दिवशी टेकलात म्हणून. पिशवीवर दाब पडत राहिला की ती पाणी करतच राहणार. सारखं सारखं सुई घालणंही बरं नाही, दरवेळी जंतू आत जायची भीती असते. सध्या टेकणं पूर्ण बंद, बर्फ फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि क्रेप बँडेज, पण पाय मुंग्या येईपर्यंत आवळू नका. पेनकिलर मेडिकलवरून मनानं आणून महिनाभर खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होतो. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची घडी घ्या आणि मांडी आवळून ती दाबा, पाच मोजा, सोडा, असं दहा वेळा, म्हणजे मांडी सुकत नाही. ऑपरेशन लांबची गोष्ट आहे, महिनोन्‌महिने उतरलं नाही तरच.

प्रतिसाद 2
भावा मी परभणीला टाइल्सच बसवतो, मला उजव्याला झालतं. पोत्यानं काही होत नाही, आत जेलची गादी असलेलं नी पॅड घे, पट्टा रुंद बघ, बारीक पट्टा गुडघ्यामागं रुततो आणि मग पोरं काढून फेकतेत. दर अर्ध्या तासाला उठायचं, मापं घ्यायची, कटिंग करायचं, मग परत बसायचं. मालक ओरडला तर ओरडू दे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद
ताई, तुमचं वाचून रात्रीच हात लावून बघितलं, बाजूचं कातडं थोडं लाल वाटलं म्हणून सकाळीच दवाखान्यात गेलो. त्यांनी थोडं पाणी काढून तपासायला दिलं, पू नाही, जंतू पण नाहीत म्हणले. पण उपाशीपोटी शुगर 148 निघाली, मला माहीतच नव्हतं. त्याच्यासाठी आणखी तपासणी सांगितली आहे, आणि शुगर वाढती म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन आत्ता नको म्हणले. तीन आठवडे टेकायचं नाही. हेल्परला बसवून मी उभ्यानं मापं आणि कटिंग बघतो, हजेरी त्याला जास्त द्यावी लागंल, देतो. मामाला बिब्ब्याचं समजावलं.

परभणीच्या भावा, पॅड कुठल्या मापाचं घेतलंस? माझे पाय बारीक आहेत, सैल झालं तर खाली घसरंल.