१५ ऑगस्ट १९४५ : ‘शरणागती’ हा शब्द नसलेले भाषण आणि ‘जपानी वृत्ती’

नदीकाठ :
ऑगस्ट उजाडला की आपल्याकडे जपानविषयीचे दोन-चार लेख हमखास फिरू लागतात आणि त्यांचा सूरही ठरलेला असतो : बेचिराख झालेला देश केवळ ‘जपानी वृत्ती’च्या बळावर पुन्हा उभा राहिला. या वर्षी मी सम्राट हिरोहितो यांच्या १५ ऑगस्ट १९४५ च्या नभोवाणी भाषणाचा अनुवाद सावकाश वाचला आणि कोड्यात पडलो. हिरोशिमा, नागासाकी आणि सोव्हिएत संघाची युद्धघोषणा एवढे सगळे होऊन गेल्यावरच्या या भाषणात ‘शरणागती’ हा शब्द कुठेही येत नाही. युद्धाची परिस्थिती जपानला अनुकूल अशी वळली आहेच असे नाही, अशा आशयाचे एक वाक्य आहे आणि पुढे जे सोसवत नाही ते सोसण्याचे आवाहन आहे. तिथे या दिवसालाही ‘युद्धसमाप्तीचा दिवस’ म्हणतात. हा पराभवातला ताठपणा समजावा की जबाबदारीला दिलेली बगल? जाणकारांनी सांगावे.

जुनी वही :
प्रश्न चांगला आहे, पण त्याआधी ‘जपानी वृत्ती’ ही एकसंध, पुरातन वस्तू आहे हे गृहीतकच तपासायला हवे. या वृत्तीसाठीचा ‘यामातो-दामाशी’ हा शब्द (यामातो हे जपानचे जुने नाव) अकराव्या शतकातल्या गेंजीच्या कथेत, एका जपानी कादंबरीत, आढळतो आणि तिथे त्याचा तलवारीशी काही संबंध नाही; चिनी ग्रंथांतून मिळवलेल्या विद्वत्तेला जोड म्हणून लागणारे देशी व्यवहारज्ञान, असा त्याचा साधारण अर्थ आहे. अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या जपानी विद्वानाने, यामातोचे मन कसे असे कोणी विचारलेच तर ते सकाळच्या उन्हात उमललेल्या रानचेरीसारखे, अशी एक छोटी कविता लिहिली. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्समध्ये आत्मघातकी वैमानिकांची पहिली पथके उभारली गेली तेव्हा शिकिशिमा, यामातो, आसाही आणि यामाझाकुरा ही त्यांची नावे याच कवितेतून उचलली होती. फुलावरची ओळ बॉम्ब बांधलेल्या विमानांना चिकटवणारे काही शेकडो वर्षांपूर्वीचे पूर्वज नव्हते, त्या वर्षीचे नौदल होते.

दुसरे असे की, अखेरच्या काळातल्या घोषणेत ‘दहा कोटींनी’ रत्नासारखे फुटून जावे, म्हणजे शरण न जाता मरावे, असे म्हटले जाई आणि शरणागतीनंतर काही आठवड्यांतच पंतप्रधान हिगाशिकुनी यांनी ‘दहा कोटींनी’ पश्चात्ताप करावा असे सांगितले. खुद्द जपानची लोकसंख्या तेव्हा सात कोटींच्या आसपास होती. उरलेला आकडा कोरिया, तैवान अशा वसाहतींमधून भरून काढलेला होता. मरायला आणि मग पश्चात्ताप करायलाही कोरियन माणूस हिशेबात धरला, पण त्याला कोणी विचारले नव्हते. कोरियात हाच दिवस प्रकाश परत मिळाल्याचा दिवस म्हणून साजरा होतो. तेव्हा बगल देण्याविषयी आपली शंका मला रास्त वाटते.

चिबाकर :
मी अकरा वर्षे इथे जपानमध्ये राहतो आहे. ‘जुनी वही’ यांची माहिती योग्य असली तरी ऐकणाऱ्यांवर थोडा अन्याय होतो आहे असे वाटते. ते भाषण तबकडीवर आदल्या रात्री ध्वनिमुद्रित केलेले होते. ती तबकडी हाती लागावी म्हणून काही तरुण अधिकाऱ्यांनी रात्रभर राजवाडा धुंडाळला आणि तत्पूर्वी शाही रक्षक दलाच्या सेनापतीला ठार केले. दुपारी बारा वाजता ते प्रसारित झाले तेव्हा खरखर इतकी आणि दरबारी भाषा इतकी अवघड होती की, नंतर निवेदकाने समजावून सांगेपर्यंत अनेकांना नेमके काय झाले ते कळले नाही. ज्यांना शब्दच कळले नाहीत त्यांच्यावर शब्द चोरल्याचा आळ कसा घालावा?

हा दिवस ओबोनच्या काळात येतो, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत. आमच्या शेजारच्या घरी काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून घोडा आणि गाय करतात. पितरांनी घोड्यावरून लवकर यावे आणि गाईवरून रमतगमत परत जावे म्हणून. टीव्हीवर कोशिएनच्या शालेय बेसबॉल स्पर्धेचा सामना चालू असतो. बाराच्या ठोक्याला खेळ थांबतो, भोंगा वाजतो, मुले टोप्या काढून मिनिटभर उभी राहतात आणि लगेच पुढचा चेंडू पडतो. यात मला ना ताठपणा दिसतो ना पळवाट.

सांगशाक :
माझे आजोबा चौथ्या मराठा पलटणीत होते आणि मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांशी लढले, म्हणून हे टोपणनाव. समोरच्या सैनिकांच्या शौर्याबद्दल ते नेहमी आदराने बोलत. पण इंफाळच्या त्या मोहिमेत जपानी जनरल मुतागुची यांनी जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री देऊन माणसे डोंगरात पाठवली होती, आणि पुढच्या पावसाळ्यात गोळीपेक्षा उपासमारीने आणि रोगराईने जास्त माणसे गेली. तांदूळ पोहोचवता येत नव्हता तेव्हा वरून वृत्तीच्या गोष्टी येत होत्या. कोहिमाला जनरल सातो यांनी उपाशी सैन्य हुकूम मोडून मागे घेतले. त्यांना पदावरून दूर केले आणि मानसिक तोल ढळल्याचे ठरवून खटला टाळला, कारण खटल्यात ते बोलले असते. फिरणाऱ्या लेखांत सातो कधी दिसत नाहीत याचेच मला आश्चर्य वाटते.

नदीकाठ :
सातो यांच्याविषयी ठाऊक नव्हते. मन:पूर्वक आभार. चिबाकर, एक शंका : ‘पराभवाचा दिवस’ असे तिथे कोणीच म्हणत नाही का?

चिबाकर :
म्हणतात. युद्धसमाप्ती म्हणजे ‘शूसेन’ आणि पराभव म्हणजे ‘हाइसेन’. लिहिताना पहिल्या अक्षराचाच फरक. वर ज्यांच्या काकडीच्या घोड्याचा उल्लेख केला, त्या आजी कटाक्षाने ‘हाइसेन’ म्हणतात. त्यांचे थोरले भाऊ परतले नाहीत.