ओपनटोफू: ब्लॉक मॉड्यूलमध्ये हलवला, तर प्लॅन डेटाबेस नष्ट करायला का निघतो?

प्रश्न

ओपनटोफू, म्हणजे सर्व्हर, डेटाबेस वगैरे कोड लिहून उभारण्याचे साधन, वापरात आहे. फाइली फार वाढल्यामुळे डेटाबेसचा रिसोर्स ब्लॉक (तो कसा असावा हे सांगणारा कोडचा भाग) मुख्य फाइलमधून काढून स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवला आहे. त्यातील एकही सेटिंग बदललेले नाही, तरीही प्लॅनमध्ये, म्हणजे होणाऱ्या बदलांच्या आगाऊ यादीत, एक रिसोर्स नष्ट होणार आणि एक नवा तयार होणार असे दिसते. चालू डेटाबेसला धक्का न लावता ही फेररचना कशी करावी? स्टेट फाइल (उभारलेल्या गोष्टींची ओपनटोफूने ठेवलेली नोंद) हाताने दुरुस्त केली तर चालेल का?

उत्तर १

स्टेट फाइलला हात लावू नका. कोडमधला कोणता ब्लॉक म्हणजे प्रत्यक्षातला कोणता डेटाबेस, ही जोडणी स्टेटमध्ये रिसोर्सच्या पत्त्यानुसार नोंदलेली असते. मॉड्यूलमध्ये गेल्यावर पत्ता बदलतो, त्यामुळे जुन्या पत्त्याचा रिसोर्स तुम्ही काढून टाकला आणि नव्या पत्त्यावर दुसरा मागितला, असाच अर्थ लावला जातो. यासाठी ‘मूव्ह्ड’ ब्लॉक आहे. त्यात ‘फ्रॉम’पुढे जुना आणि ‘टू’पुढे नवा पत्ता लिहा. ही सोय टेराफॉर्म १.१ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२१ मध्ये आली आणि २०२३ मध्ये त्यातून फुटून निघालेल्या ओपनटोफूला ती आयतीच मिळाली. नंतरच्या प्लॅनमध्ये नष्ट होणाऱ्यांची संख्या शून्य दिसली पाहिजे. तो प्लॅन ‘आउट’ पर्यायाने फाइलमध्ये जतन करून तीच फाइल अप्लाय करावी (प्रत्यक्ष अमलात आणावी), म्हणजे तपासले एक आणि घडले भलतेच, असे होणार नाही.

उत्तर २

‘स्टेट एमव्ही’ या आदेशानेही हेच साधते, पण चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांच्या स्टेट वेगळ्या असतील तर तो प्रत्येक ठिकाणी आठवणीने चालवावा लागतो आणि कोडमध्ये त्याचा मागमूस राहत नाही. ‘मूव्ह्ड’ ब्लॉक मात्र कोडसोबत सगळीकडे जातो आणि सहकाऱ्यांच्या तपासणीतूनही जातो, म्हणून माझे मत त्याच्याच बाजूने आहे. रिसोर्स एका स्टेटमधून दुसऱ्या स्टेटमध्ये न्यायचा असेल, तर मात्र तो उपयोगी पडत नाही. तेथे जुन्या बाजूला ‘रिमूव्ह्ड’ (रिसोर्स नष्ट न करता नोंद काढणारा) आणि नव्या बाजूला ‘इम्पोर्ट’ (आधीच असलेल्या रिसोर्सची नोंद करणारा) ब्लॉक लागतो.

उत्तर ३

‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ (रिसोर्स नष्ट होण्यापासून रोखणारे सेटिंग) लावले आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ते त्याच रिसोर्स ब्लॉकच्या आत लिहिलेले असते, त्यामुळे ब्लॉकच काढला की संरक्षणही त्याच्यासोबत जाते. डेटाबेस नष्ट होऊ न देण्याची क्लाउड सेवेची स्वतःची सोय असेल, तर तीही सुरू ठेवावी. आणि हे मॉड्यूल इतर कोणी वापरत असेल, तर काम झाल्यावर ‘मूव्ह्ड’ ब्लॉक लगेच पुसू नका. ज्यांनी अद्याप नवी आवृत्ती अप्लाय केलेली नाही, त्यांच्या प्लॅनमध्ये तेच नष्ट होणे पुन्हा दिसू लागेल.