खजूर-सुकामेव्याचे बाइट्स घट्ट वळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लेकीच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी साखर न घालता, गॅस न पेटवता होणारे बाइट्स करते आहे. १ वाटी बिनबियांचा खजूर, १ वाटी बदाम-अक्रोड, मूठभर मनुका, २ चमचे जवसाची पूड आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका, गोडवा खुलतो त्याने.

अडचण वळताना येते. खजूर तसाच वाटला तर गोळा मुठीत धरतो, पण ताटलीत ठेवला की भेगा पडतात. कोमट पाण्यात १० मिनिटं भिजवून निथळला तर सुरेख वळतो, फक्त मग बाहेर टिकेल याची खात्री वाटत नाही. मिक्सर जास्त फिरवला की अक्रोडाचं तेल सुटून हात तुपकट होतात, म्हणून सुकामेवा आधी वेगळा, जाडसरच फिरवते.

तर खजूर न भिजवता घट्टपणा कशाने येईल? अंजीर की जर्दाळू? आणि लेकीच्या मैत्रिणीला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे. तिच्यासाठी भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया वापरायच्या आहेत, तर खजुराचं प्रमाण वाढवावं लागेल का? मिक्सरचं भांडं अर्थातच वेगळं घेईन. स्वतः करून पाहिलेलं प्रमाण कळवा, प्लीज.