विषय: बाबांच्या हातावरचं खत आणि विमानतळावरची झडती

प्रेषक: जिंतूरची लेक

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी अजून जिंतूरलाच आहे. परवा आई-बाबांना घेऊन निघाले होते, पण विमान चुकलं आणि आम्ही तिघं गावी परत आलो. तपासणीत बाबांच्या हातांवरून आणि खांद्यावरच्या पिशवीवरून त्यांनी स्फोटकांचे कण शोधायची ती पांढरी पट्टी फिरवली, यंत्रात घातली आणि लाल दिवा लागला. बाबांना लगेच बाजूला घेतलं. धोतर, बंडी, टोपी, सगळं चाचपून झालं. पिशवी उलटी केली: चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, धपाट्यांचा डबा, चुन्याची डबी. पुन्हा पट्टी फिरवली, पुन्हा लाल दिवा. मला जवळ जाऊ देईनात. बाबांना हिंदी धड येत नाही, इंग्रजी तर दूरच. साहेब येईपर्यंत आणि कागद लिहून होईपर्यंत विमान गेलं.

आईचं सुकं खोबरं त्याआधीच काढून ठेवलं होतं. ते पेट घेतं म्हणून नेऊ देत नाहीत, त्याची माझी तक्रार नाही. पण परतीच्या वाटेवर बाबा एवढंच बोलले, “मी काय अतिरेकी दिसलो का त्यांला?” सत्तरी ओलांडलेला, उभा जन्म कापूस-सोयाबीनमध्ये घालवलेला माणूस. पहलगामनंतर बंदोबस्त वाढला, तो वाढायलाच हवा होता. तिथं २६ जणांचे जीव गेले. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणी खुर्चीसुद्धा देऊ नये? माझा संताप अजून उतरत नाही. आई म्हणते, आता जायचंच नाही.

नवीन तिकीट काढायचं आहे. कोणाच्या आई-वडिलांवर अशी वेळ आली असेल तर कळवा.

---

प्रेषक: नांदेडकर

ताई,

आधी एक विचारतो. निघायच्या आधी बाबांनी फवारणी केली होती का? त्यात १३-०-४५ होतं का? ते खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. काळी बारूद बनते तीही त्याच्यापासूनच. पट्टीला शेतकरी कळत नाही, नायट्रेट कळतं. ग्लिसरीन असलेलं क्रीम हाताला लावलं तरी कधी कधी यंत्र वाजतं. शेतातली पिशवी आणि चपला घरीच ठेवा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, नखंसुद्धा.

खुर्ची न देणं, समजेल अशा भाषेत न बोलणं, याला माफी नाही. त्यावर मंडळानं जरूर लिहावं. पण तपासणीच नको, असं मला म्हणवत नाही. १९८५ साली एअर इंडियाच्या कनिष्क विमानात ३२९ माणसं गेली. बॉम्ब सामानातल्या बॅगेत होता आणि ती बॅग देणारा माणूस विमानात चढलाच नव्हता. आज प्रवासी आला नाही तर त्याची बॅग उतरवतात, ती उगीच नाही. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ विमान अपहरण करून कंदहारला नेलं आणि ओलिसांच्या बदल्यात तीन अतिरेकी सोडावे लागले. त्यानंतर २००० पासून आपले विमानतळ एकेक करून सीआयएसएफकडे गेले. २००१ मध्ये एक जण बुटात स्फोटकं घालून पॅरिसहून मायामीच्या विमानात बसला, म्हणून अमेरिकेत बूट काढणं आलं. तो नियम उठायला २०२५ चा जुलै उजाडला. हातातल्या बॅगेतल्या द्रवाचा १०० मिलिलिटरचा नियम २००६ च्या लंडनमधल्या कटानंतरचा.

नियम स्पष्ट लिहिलेला असला की सोपं जातं. आमच्याकडं हजूर साहिबला येणाऱ्या शीख भाविकांना देशातल्या विमानात कृपाण जवळ ठेवता येतं. पातं ६ इंचांपर्यंत, मुठीसकट ९ इंचांपर्यंत. परदेशात जाणाऱ्या विमानात मात्र जवळ ठेवू देत नाहीत. मोजपट्टी लावून मोजता येतं, कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

---

प्रेषक: शेख, परभणी

ताई, दादा,

बाबांना माझा सलाम सांगा. त्यांना हातावरच्या खतानं थांबवलं. मला आडनावावरून थांबवतात, पट्टी यंत्रात जायच्या आधीच. अमेरिकेच्या विमानाला माझ्या पासवर बहुतेक वेळा ते चार एस (SSSS, जादा झडतीची खूण) छापून येतात आणि मग दारापाशी सगळ्यांच्या देखत बॅग उघडायची. माझी थोरली लेक हल्ली विमानतळावर माझ्याशी दखनी बोलत नाही, फक्त इंग्रजी. मी तिला कधी सांगितलं नाही. बघून बघून शिकली.

अतिरेक्यांची भीती मलाही आहे. २००३ साली परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात घराघरांतून माणसं धावत सुटली होती. २००६ च्या एप्रिलमध्ये नांदेडात एका घरात स्फोट झाला, दोघं गेले. खटला २०२५ पर्यंत चालला आणि आरोपी निर्दोष सुटले. त्याच २००६ च्या मे महिन्यात औरंगाबादजवळ एके-४७ आणि आरडीएक्स पकडलं, २०१६ मध्ये १२ जण दोषी ठरले, काही सुटले. ती हत्यारं आणणाऱ्यांचा मला जेवढा राग येतो, तेवढा आपल्या या मेल-यादीत कोणाला येत असेल असं वाटत नाही. त्यांच्या करणीचा जाब मला रांगेत द्यावा लागतो.

दादा, तुम्ही कृपाणाचं लिहिलं तेच मला हवं आहे, मोजता येईल असा नियम. बारूद शोधा, हत्यार शोधा, सगळ्यांकडं शोधा. आडनावाला कुठली मोजपट्टी लावणार?

---

प्रेषक: नांदेडकर

शेखभाऊ, एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. पक्की खबर असलेल्या माणसाचं नाव संशयितांच्या यादीत असावंच लागतं. पण नुसत्या नामसाधर्म्यानं दुसऱ्याला उभं करणं चूक, आणि ते दुरुस्त करून घ्यायची सोय हवी. अमेरिकेत डीएचएस ट्रिपकडं, म्हणजे तिथल्या गृहसुरक्षा खात्याच्या प्रवासी तक्रार निवारणाकडं, अर्ज करता येतो. मिळालेला क्रमांक तिकिटावर टाकायचा. तुम्ही केलाय का?

---

प्रेषक: शेख, परभणी

केलाय. क्रमांक मिळाल्यापासून चार एस कमी झाले. दारापाशी बघणाऱ्यांच्या नजरेला मात्र असा अर्ज करता येत नाही.

---

प्रेषक: जिंतूरची लेक

दादा, १३-०-४५ च होतं. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी कापसावर फवारलं होतं आणि पुड्या त्याच पिशवीतून आणल्या होत्या. आईनं पिशवी अडगळीत टाकली, नवीन आणली. तुमचे मेल ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवले. शेखभाऊंचा वाचल्यावर बाबांनी पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, “माझं एकदाच झालं. त्या लेकराचं दर वेळंला होतंय.” जायला आता ते तयार आहेत.

मंडळाच्या पत्राचा मसुदा मी करते. तीन गोष्टी घालणार: थांबवलेल्या वृद्धांना बसायला जागा, त्यांना समजेल अशा भाषेत बोलणारा माणूस किंवा जवळ येऊ दिलेला नातेवाईक, आणि नुसत्या आडनावावरून वेगळी झडती नको. तिसरा मुद्दा राजकीय आहे, तो गाळा, असं कार्यकारिणीतून एकाचं म्हणणं आलं आहे. मी गाळणार नाही. मंडळाला नको असेल तर पत्र माझ्या आणि बाबांच्या सहीनं जाईल. बाबा अंगठा नाही, सही करतात.

फवारणीचा परिच्छेद नांदेडकर दादांनी लिहावा, डीएचएस ट्रिपच्या अर्जाचा शेखभाऊंनी. आमच्या तिकिटाच्या आधी मसुदा यादीवर टाकते.